विश्लेषण : जमिनीवरून आकाशात ‘रेडिओ आरसा’ उभारता येतो का?

कुठे मोठा भूकंप झाला, चक्रीवादळ किनाऱ्यावर आदळले किंवा आकाशात अनपेक्षित रंग दिसले की समाजमाध्यमांवर ‘हार्प’ हे नाव फिरू लागते. तुर्कस्तानात फेब्रुवारी २०२३ मध्ये झालेल्या भूकंपानंतर ते फिरले, मे २०२४ मधील सौरवादळानंतर फिरले आणि त्याच वर्षी अमेरिकेतील चक्रीवादळांनंतरही. अमेरिकेच्या अलास्का राज्यातील या केंद्रातून जमिनीवरून आकाशात शक्तिशाली रेडिओ लहरी सोडल्या जातात, हे खरे आहे. त्यांच्या साह्याने वातावरणाच्या अतिउंच थरांत संदेश परावर्तित करणारा कृत्रिम ‘आरसा’ तयार करण्याचे प्रयोग झाले, हेही खरे आहे. मात्र त्या आरशाकडून काय होऊ शकते आणि काय नाही, याचे उत्तर अफवांपेक्षा बरेच वेगळे आहे.

आकाशातला नैसर्गिक आरसा कोणता?

इटालियन संशोधक गुलिएल्मो मार्कोनी यांनी १२ डिसेंबर १९०१ रोजी इंग्लंडमधील कॉर्नवॉलहून निघालेला रेडिओ संकेत सुमारे साडेतीन हजार किलोमीटरवरील न्यूफाउंडलंड येथे ग्रहण केल्याचे जाहीर केले, तेव्हा शास्त्रज्ञ कोड्यात पडले. रेडिओ लहरी सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी तर गोल. मग संकेत अटलांटिकपार गेला कसा? १९०२ मध्ये अमेरिकेत आर्थर केनेली आणि इंग्लंडमध्ये ऑलिव्हर हेविसाइड यांनी स्वतंत्रपणे एकच तर्क मांडला : वर कुठे तरी विद्युतवाहक थर असावा आणि लहरी त्यावर आपटून परत येत असाव्यात. एडवर्ड ॲपल्टन यांनी १९२४ च्या अखेरीस प्रयोगाने हा थर सिद्ध केला. त्यांच्या या क्षेत्रातील कामासाठी त्यांना १९४७ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

हा थर म्हणजे आयनांबर. जमिनीपासून साधारण ६० किलोमीटरपासून त्याची सुरुवात होते आणि ते कित्येकशे किलोमीटरपर्यंत पसरलेले असते. सूर्याचे अतिनील आणि क्ष-किरण तेथील विरळ हवेतील अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटे करतात. हे सुटे इलेक्ट्रॉन पुरेशा दाटीने असले की ठरावीक वारंवारतेखालील रेडिओ लहरी त्यांना भेदून जाऊ शकत नाहीत. त्या वळून पुन्हा जमिनीकडे येतात. एके काळी महाराष्ट्रातील घराघरांत ‘रेडिओ सिलोन’वरची गाणी ऐकू येत ती याच आरशाच्या कृपेने. जुन्या रेडिओच्या काट्याखाली लिहिलेला ‘४१ मीटर बँड’ म्हणजे सात मेगाहर्ट्झच्या आसपासची वारंवारता. हार्पसारखी केंद्रे आजही याच पट्ट्याच्या आजूबाजूला काम करतात.

मग कृत्रिम आरशाची गरज का भासली?

कारण नैसर्गिक आरसा लहरी आहे. दिवसा त्याच्या खालच्या भागात जो थर तयार होतो तो रेडिओ लहरी परावर्तित करण्यापेक्षा शोषूनच घेतो. रात्री तो नाहीसा होतो आणि दूरची केंद्रे स्पष्ट ऐकू येऊ लागतात. ऋतू बदलला, सूर्यावरील डागांची संख्या बदलली की आरशाची उंची आणि दाटी बदलते. सूर्यावर मोठी ज्वाला उसळली तर पृथ्वीच्या उजेडातल्या बाजूवरील लघुलहरींचा संपर्क काही मिनिटांपासून तासाभरापर्यंत तुटू शकतो.

लष्करी यंत्रणांना हा बेभरवसा परवडणारा नव्हता. क्षितिजापलीकडचे पाहणारी रडार याच आरशावर अवलंबून असतात. रडारची लहर वर जाते, आयनांबरावरून वळून हजारो किलोमीटरवरील जहाजावर किंवा विमानावर पडते आणि त्याच वाटेने परत येते. आरसा हलला की चित्रही हलते. शिवाय तो फार उंच असल्याने रडारपासून जवळचा बराच मोठा पट्टा दृष्टीबाहेर राहतो.

यावर शीतयुद्धाच्या काळात काही धाडसी उपाय झाले. अमेरिकेने ऑगस्ट १९६० मध्ये ‘एको-१’ हा सुमारे ३० मीटर व्यासाचा, धातूचा मुलामा दिलेला फुगा पृथ्वीभोवती कक्षेत सोडून त्यावरून संदेश परावर्तित केले. मे १९६३ मध्ये ‘वेस्ट फोर्ड’ प्रकल्पात तांब्याच्या सुमारे ४८ कोटी बारीक सुया साडेतीन हजार किलोमीटरहून अधिक उंचीवर पसरण्यात आल्या. समुद्राखालील तारा शत्रूने तोडल्या आणि आयनांबर बिघडले तरी संपर्काचा एक मार्ग शिल्लक राहावा, हा उद्देश होता. खगोलशास्त्रज्ञांनी त्याला जोरदार विरोध केला. पुढे संदेश ग्रहण करून पुन्हा प्रक्षेपित करणारे दळणवळण उपग्रह आले आणि असे निष्क्रिय परावर्तक मागे पडले. पण फुगा किंवा सुया न पाठवता, केवळ जमिनीवरून ऊर्जा सोडून हवेचाच आरसा करण्याची कल्पना मागे राहिली नाही.

जमिनीवरून आयनांबर बदलता येते, हे कसे कळले?

योगायोगाने. १९३३ मध्ये नेदरलँड्समधील अभियंते बर्नार्ड टेलेगेन यांना स्वित्झर्लंडमधील बेरोम्युन्स्टर केंद्र ऐकताना पार्श्वभूमीवर रेडिओ लक्झेम्बर्गचा कार्यक्रमही ऐकू येत असल्याचे आढळले. दोन्ही केंद्रांच्या वारंवारता वेगळ्या होत्या, त्यामुळे साधी सरमिसळ शक्य नव्हती. पुढच्याच वर्षी व्हिक्टर बेली आणि डेव्हिड मार्टिन या शास्त्रज्ञांनी त्याचा उलगडा केला. लक्झेम्बर्गचे प्रक्षेपण इतके शक्तिशाली होते, की वाटेत आयनांबरातील इलेक्ट्रॉन तापत होते आणि त्या तापलेल्या भागातून जाणाऱ्या दुसऱ्या केंद्राच्या लहरींवर त्याची छाप उमटत होती. मनोरंजनाचे गाणे वाजवणारे केंद्र नकळत आकाशाचा एक तुकडा बदलत होते.

१९७० मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात प्लॅटविल येथे मुद्दाम आयनांबर तापवण्यासाठी मोठे केंद्र सुरू झाले. त्यानंतर नॉर्वेतील ट्रॉम्सो आणि तत्कालीन सोव्हिएत संघातील ‘सुरा’ ही केंद्रे उभी राहिली. म्हणजे हार्प हे जगातील एकमेव किंवा पहिले केंद्र नाही. ते सर्वांत शक्तिशाली म्हणून प्रसिद्ध आहे.

‘कलता आरसा’ ही कल्पना काय होती?

अमेरिकेतील एपीटीआय या कंपनीला ऑगस्ट १९९१ मध्ये एक पेटंट मिळाले. संशोधकाचे नाव पीटर कोएर्ट. हवेत प्लाझ्माचा, म्हणजे सुट्या इलेक्ट्रॉन आणि आयनांचा, कृत्रिम थर तयार करायचा आणि तो हवा तसा तिरका करायचा, ही त्यामागची कल्पना. त्यासाठी जमिनीवर अँटेनांची मोठी मांडणी करायची. प्रत्येक अँटेनाला मिळणाऱ्या संकेताची वेळ किंचित मागे-पुढे केली, की कोणतीही अँटेना न हलवता एकत्रित झोत हव्या त्या दिशेला वळतो. रंगाऱ्याने कुंचला फिरवावा तसा हा झोत फिरवून आकाशात प्लाझ्माचा पट्टा ‘रंगवायचा’ आणि त्याच वेळी वारंवारता सतत बदलत झोताचा केंद्रबिंदू अधिकाधिक उंच न्यायचा. पट्ट्याचे एक टोक खाली आणि दुसरे वर राहिले की आरसा कलतो. कल बदलला की त्यावरून परावर्तित होणारा संदेश वेगळ्या दिशेला जातो.

कागदावर हा उपाय आकर्षक होता. आरसा हवा तेव्हा, हवा तेथे आणि नैसर्गिक थरापेक्षा कमी उंचीवर मिळणार होता. अडचण होती ती ऊर्जेची. हवा जितकी खालची, तितकी दाट. दाट हवेत सुटे इलेक्ट्रॉन इतर रेणूंना लगेच चिकटतात आणि प्लाझ्मा झपाट्याने विरतो. आरसा टिकवायचा तर ऊर्जा अखंड पुरवत राहावे लागते.

हार्प केंद्र नेमके काय आहे?

हार्पच्या पूर्ण नावाचा अर्थ उच्च वारंवारतेच्या लहरींनी ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्यातील आयनांबराचे संशोधन, असा आहे. अलास्कातील गाकोना या छोट्या वस्तीजवळ त्याची उभारणी १९९३ मध्ये सुरू झाली. अमेरिकी हवाई दल, नौदल, संरक्षण संशोधन संस्था ‘दार्पा’ आणि अलास्का विद्यापीठ यांचा त्यात सहभाग होता. सुमारे ३३ एकरांवर १२ बाय १५ अशा चौकटीत १८० अँटेना उभ्या आहेत. प्रक्षेपणाची एकूण शक्ती ३.६ मेगावॉट, तर वारंवारता साधारण २.७ ते १० मेगाहर्ट्झ. ही पूर्ण क्षमता २००७ मध्ये गाठली गेली. ऑगस्ट २०१५ मध्ये लष्कराने केंद्र अलास्का विद्यापीठाच्या फेअरबँक्स शाखेकडे सोपवले. २०२१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने तेथील संशोधनासाठी पाच वर्षांचे ९३ लाख डॉलरचे अनुदान मंजूर केले.

३.६ मेगावॉट म्हणजे आजच्या एका मोठ्या पवनचक्कीच्या क्षमतेएवढी शक्ती. १८० अँटेनांमुळे ती एका झोतात एकवटते हे खरे, पण आयनांबरापर्यंत पोहोचताना झोत पसरतो. तेथे एका चौरस सेंटीमीटरवर पडणारी ऊर्जा तीन मायक्रोवॉटपेक्षाही कमी भरते. पृथ्वीजवळ सूर्यप्रकाशाची तीव्रता याच्या ४० हजार पटींहून अधिक असते.

मग आरसा खरोखर तयार झाला का?

हो, काही काळापुरता. हार्पचा झोत वर गेला की तेथील इलेक्ट्रॉन तापतात. पण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉन ज्या वेगाने गिरक्या घेतात, त्याच्या पटीतील वारंवारता निवडली तर परिणाम कित्येक पटींनी वाढतो. झोपाळ्याला योग्य क्षणी धक्का दिला की थोड्या जोरातही तो उंच जातो, तसेच हे. काही इलेक्ट्रॉन इतके वेगवान होतात, की ते इतर अणूंवर आदळून आणखी इलेक्ट्रॉन सुटे करतात. त्यातून नैसर्गिक थराच्या खाली नवा कृत्रिम थर जन्माला येतो. २००९ नंतर हार्पच्या संशोधकांनी असे थर तयार होऊन हळूहळू खाली सरकत असल्याची निरीक्षणे प्रसिद्ध केली.

अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेने २०१३ च्या सुरुवातीला आणखी मोठा टप्पा जाहीर केला. नोव्हेंबर २०१२ मधील प्रयोगात सुमारे १७० किलोमीटर उंचीवर प्लाझ्माचा दाट ढग तयार झाला. त्याच्या एका घन सेंटीमीटरमध्ये नऊ लाखांहून अधिक इलेक्ट्रॉन होते. आधीचे ढग दहा मिनिटांच्या आत विरत; हा एका तासाहून अधिक टिकला. नैसर्गिक आयनांबराच्या सुमारे ५० किलोमीटर खाली रडार आणि संदेशवहनासाठी असे ढग आरशासारखे वापरता येतील, असे प्रयोगशाळेने तेव्हा म्हटले होते. मात्र त्याच निवेदनात एक महत्त्वाची नोंद होती. हार्पचा झोत बंद होताच ढग विझला.

या नोंदीतच संपूर्ण तंत्रज्ञानाची मर्यादा दडलेली आहे. आरसा उभारता येतो, वळवताही येतो. पण तो साठवून ठेवता येत नाही. खालची वीज बंद झाली की वरचा आरसा नाहीसा होतो. म्हणजे तासभराच्या संपर्कासाठी १८० अँटेना, डिझेल जनित्रे आणि मनुष्यबळ तासभर राबवावे लागते, आणि तेही त्या केंद्राच्या डोक्यावरील आकाशापुरतेच.

या आरशावरून मोबाइल किंवा इंटरनेट का चालत नाही?

कोणती लहर परत येईल हे इलेक्ट्रॉनच्या दाटीवर ठरते. एका घन सेंटीमीटरला नऊ लाख इलेक्ट्रॉन असतील तर सरळ वर गेलेली साधारण साडेआठ मेगाहर्ट्झपर्यंतची लहर परत येते. लहर तिरकी गेली तर ही मर्यादा काहीशी वाढते. मोबाइल फोन मात्र शेकडो ते हजारो मेगाहर्ट्झवर चालतात. वारंवारता दुप्पट करायची तर इलेक्ट्रॉनची दाटी चौपट लागते. त्यामुळे एक हजार मेगाहर्ट्झची लहर परतवायची झाल्यास २०१२ च्या त्या विक्रमी ढगापेक्षा सुमारे १४ हजार पट दाट ढग लागेल. एवढी ऊर्जा एकाच जागी अखंड ओतत राहण्यापेक्षा उपग्रह सोडणे केव्हाही स्वस्त. त्यामुळे कृत्रिम आरशाचा उपयोग लघुलहरींपुरताच उरतो, आणि त्या लहरींवर फार थोडी माहिती पाठवता येते.

लष्करी रस होता तो मुख्यतः तीन गोष्टींत. पहिली, क्षितिजापलीकडील रडार. दुसरी, पाणबुड्यांशी संपर्क. खाऱ्या पाण्यात अतिशय कमी वारंवारतेच्याच लहरी शिरू शकतात आणि त्यासाठी अवाढव्य अँटेना लागतात. भारतीय नौदलाचे असे केंद्र तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ ‘आयएनएस कट्टबोम्मन’ येथे आहे. तेलंगणातील विकाराबाद जिल्ह्यात दुसऱ्या केंद्राची पायाभरणी ऑक्टोबर २०२४ मध्ये झाली. हार्पमध्ये ध्रुवीय प्रदेशावरील आकाशात वाहणारा नैसर्गिक विद्युतप्रवाह ठरावीक तालात तापवून त्यालाच अँटेनासारखे वापरण्याचे प्रयोग झाले. तिसरी गोष्ट म्हणजे अवकाशात अणुस्फोट झाल्यास पृथ्वीभोवती अडकणारे घातक कण लहरींच्या साह्याने लवकर खाली पाडता येतील का, याचा अभ्यास. जुलै १९६२ मधील ‘स्टारफिश प्राइम’ या अमेरिकी अणुचाचणीने अनेक उपग्रह निकामी केले होते. रशिया उपग्रहविरोधी अण्वस्त्र विकसित करत असल्याचा आरोप अमेरिकेने २०२४ मध्ये केल्यानंतर हा प्रश्न पुन्हा चर्चेत आला.

भूकंप, पाऊस, वादळे याने घडवता येतात का?

नाही. पाऊस, ढग, वादळे ही जमिनीपासून साधारण १५ ते १८ किलोमीटरपर्यंतच्या थरातील घडामोड. हार्प ज्या वारंवारता वापरते त्या या थरात शोषल्याच जात नाहीत. आरपार निघून जातात. जेथे ऊर्जा शोषली जात नाही तेथे ती काही घडवू शकत नाही. भूकंपाचा उगम जमिनीखाली कित्येक किलोमीटर खोल असतो, तर हार्पचा झोत वरच्या दिशेला असतो आणि त्या लहरी खडकात फार खोल शिरत नाहीत.

मे २०२४ चे उदाहरण बोलके आहे. १० आणि ११ मे रोजी सूर्याकडून आलेल्या तीव्र वादळामुळे नेहमीपेक्षा कितीतरी दक्षिणेकडे ध्रुवीय प्रकाश दिसला. लडाखमधील हानले येथील आकाशही तांबडे झाले. नेमके त्याच सुमारास, ८ ते १० मे या काळात हार्पचे आधीच ठरलेले प्रयोग सुरू होते. दोन्हींचा संबंध नसल्याचे विद्यापीठाला जाहीर करावे लागले. हार्प आकाश उजळवू शकते, पण किती? तेथील प्रयोगांत दिसणारी लालसर किंवा हिरवट झाक इतकी मंद असते, की ती पाहण्यासाठी अंधारे, निरभ्र आकाश आणि बहुधा कॅमेराच लागतो. अर्ध्या जगाचे आकाश रंगवणे ही सूर्याची ताकद आहे.

मग संशय का मिटत नाही?

कारण संशयाला खतपाणी घालणारी कागदपत्रे खरी आहेत. बर्नार्ड ईस्टलंड या भौतिकशास्त्रज्ञाला १९८७ मध्ये मिळालेल्या पेटंटात पृथ्वीचे वातावरण, आयनांबर आणि चुंबकांबर बदलण्याच्या पद्धतीचा दावा होता. अलास्कातील नैसर्गिक वायू जाळून त्यासाठी अफाट वीज निर्माण करावी, अशी त्यांची कल्पना होती. हे पेटंटही एपीटीआयकडेच होते आणि हार्पच्या उभारणीतही हीच कंपनी होती. प्रत्यक्षात उभे राहिलेले केंद्र ईस्टलंड यांच्या कल्पनेच्या तुलनेत अगदीच छोटे आहे. पण पेटंट म्हणजे दावा असतो, यंत्र नव्हे, हा फरक सार्वजनिक चर्चेत हरवला.

लष्कराच्या ताब्यात असताना केंद्राबाबत मोकळेपणा कमी होता. युरोपीय संसदेने जानेवारी १९९९ मधील ठरावात हार्पची स्वतंत्र तपासणी व्हावी, असे म्हटले. मे २०१४ मध्ये अमेरिकी हवाई दलाच्या अधिकाऱ्याने सिनेटच्या समितीसमोर सांगितले, की हार्प आयनांबरावर नियंत्रण मिळवण्याच्या संशोधनासाठी होते, ते काम पूर्ण झाले असून आता इतर मार्गांकडे वळत आहोत. ‘नियंत्रण’ हा शब्द तेवढा उचलला गेला. ते इतर मार्ग कोणते, याचे एक उदाहरण म्हणजे मे २०१३ मध्ये प्रशांत महासागरातील क्वाजालिन प्रवाळबेटांवरून रॉकेट सोडून आयनांबरात समेरियम धातूची वाफ फवारण्याचा प्रयोग. विद्यापीठाकडे आल्यानंतर हार्प प्रयोगांच्या तारखा आणि वारंवारता आधी जाहीर करते, हौशी रेडिओ केंद्रचालकांना ऐकण्याचे आवाहन करते आणि लोकांना केंद्र पाहण्यासाठी बोलावते. अफवा त्यानेही थांबलेल्या नाहीत. पण तपासून पाहू इच्छिणाऱ्याला आता माहिती मिळते, हा बदल मोठा आहे.

आज पर्याय काय आहेत?

हवेचा आरसा करण्याऐवजी २० किलोमीटरच्या आसपास तरंगणारे यंत्रच ठेवावे, याकडे आता कल आहे. त्यातही जमिनीवरून ऊर्जा पाठवण्याची कल्पना आहेच. कॅनडाने १९८७ मध्ये सूक्ष्मलहरींच्या झोतावर चालणारे छोटे विमान उडवले. संदेशवहनासाठी आकाशात दीर्घकाळ घिरट्या घालणारे विमान तयार करणे, हा त्याचा उद्देश होता. दार्पाने मे २०२५ मध्ये लेसरच्या झोताने ८.६ किलोमीटर अंतरावर ८०० वॉटहून अधिक वीज पोहोचवल्याचे जाहीर केले. हे प्रक्षेपण अर्धा मिनिट चालले. गूगलच्या मूळ कंपनीने मात्र फुग्यांवरून इंटरनेट पुरवणारा ‘लून’ प्रकल्प जानेवारी २०२१ मध्ये खर्च परवडत नसल्याने गुंडाळला. भारताच्या संरक्षण संशोधन आणि विकास संस्थेने ३ मे २०२५ रोजी मध्य प्रदेशातील श्योपूर येथून हवेपेक्षा हलके यान सुमारे १७ किलोमीटर उंचीवर पाठवले. ते ६२ मिनिटे हवेत राहिले.

आयनांबराला कायद्याचे संरक्षण आहे का?

अर्धवट. पर्यावरणात फेरफार करण्याच्या तंत्राचा लष्करी किंवा शत्रुत्वाच्या हेतूने वापर करण्यास बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार ५ ऑक्टोबर १९७८ पासून लागू आहे. भारतही त्यात सहभागी आहे. व्यापक, दीर्घकालीन किंवा तीव्र परिणाम घडवून दुसऱ्या सदस्य देशाची हानी करणे त्यात निषिद्ध आहे. वाटाघाटींच्या वेळी नोंदवलेल्या स्पष्टीकरणात अशा परिणामांची उदाहरणे दिली आहेत. त्यांत भूकंप, त्सुनामी, हवामानबदल यांच्याबरोबर आयनांबराच्या स्थितीतील बदलाचाही उल्लेख आहे. भूकंप आणि आयनांबर एकाच यादीत आल्याने अफवांना आणखी एक आधार मिळाला. यादीत नाव असले म्हणजे ते तंत्र अस्तित्वात आहे, असे मात्र होत नाही.

खरी उणीव वेगळीच आहे. शांततामय वापराला करार आडकाठी करत नाही. एखाद्या देशाने तासाभरासाठी शेजाऱ्याचा रेडिओ संपर्क बिघडवला तर ती ‘हानी’ मानायची का, हे स्पष्ट नाही. आयनांबर देशांच्या सीमा जाणत नाही. आज ही केंद्रे मोजकी आणि त्यांचा परिणाम तात्पुरता आहे म्हणून प्रश्न तातडीचा वाटत नाही. पण अमेरिका, रशिया आणि युरोप यांच्याबरोबर चीनलाही या संशोधनात रस आहे. २०१८ मध्ये रशियाच्या ‘सुरा’ केंद्रातून झोत सोडून त्याचा परिणाम चीनच्या ‘झांगहेंग-१’ उपग्रहाने मोजण्याचे संयुक्त प्रयोग झाले होते.

भारताला याचा विचार का करावा लागेल?

भारताच्या डोक्यावरील आयनांबर जगातील सर्वांत चंचल भागांपैकी आहे. चुंबकीय विषुववृत्त दक्षिण भारतावरून जाते. अग्निबाणांसाठी थुंबाची निवड झाली ती त्यामुळेच. विषुववृत्तावर वर उचलले गेलेले इलेक्ट्रॉन उत्तरेकडे सरकून मध्य भारतावरील आकाशात दाटी करतात. सूर्यास्तानंतर त्यात पोकळ्या तयार होतात आणि उपग्रहांवरून येणारे दिशादर्शनाचे संकेत थरथरतात. विमानांसाठीच्या ‘गगन’ या भारतीय प्रणालीला हाच दोष सतत दुरुस्त करावा लागतो. मुंबईहून अरबी समुद्रावर दूर गेलेल्या विमानांच्या संपर्कासाठी आजही लघुलहरींचा वापर होतो.

या आकाशावर लक्ष ठेवण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. मुंबईतील कुलाबा वेधशाळेने सप्टेंबर १८५९ मधील ऐतिहासिक सौरवादळ नोंदवले होते. तोच वारसा पुढे नेणारी भारतीय भूचुंबकत्व संस्था आज नवीन पनवेल येथे असून अलिबागची वेधशाळा तिच्याच अखत्यारीत आहे. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाच्या आवारातही तिचे केंद्र आहे. कोणी आयनांबरात फेरफार केला तर तो ओळखण्यासाठी आधी नैसर्गिक चढउतार किती, हे वर्षानुवर्षांच्या नोंदींतून माहीत असावे लागते. ती नोंद ठेवणाऱ्या संस्थांना पुरेसे मनुष्यबळ आणि निधी देणे, हा कोणत्याही अफवेवरचा आणि कोणत्याही खऱ्या धोक्यावरचाही पहिला उपाय ठरतो.

सव्वाशे वर्षांपूर्वी मार्कोनींचा संकेत वळवणारा थर माणसाने आता थोडाफार वळवून पाहिला आहे. तो तासभर वळतो, नंतर सूर्याच्या आज्ञेत परत जातो. पुढील काळात अधिक शक्तिशाली केंद्रे उभी राहिली तर हा तास वाढेल. तोपर्यंत प्रयोगांची आगाऊ माहिती सर्व देशांना देण्याचा नियम झाला, तर संशयाला जागा कमी उरेल.